बीकरमध्ये १८ तास तरंगणारी गोळी पोटात किती वेळ राहते?

गोव्यातल्या फोंड्याच्या एका एम. फार्म. विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तिने मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या औषधाची तरंगती, म्हणजे जठरात जास्त वेळ थांबावी अशा बेताची, गोळी तयार केली. त्यात एचपीएमसी के१००एम हे पाण्यात फुगून जेल होणारं पॉलिमर आणि वायू सोडणारं सोडियम बायकार्बोनेट आहे. जठररसाच्या जागी घेतलेल्या ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात टाकल्यावर गोळी मिनिटाच्या आत वर येते आणि १८ तास तरंगत राहते. सादरीकरणात परीक्षकांनी विचारलं, "ही पोटात किती वेळ राहील?" तिने "१८ तास" असं सांगितलं आणि परीक्षकांना ते पटलं नाही. आता तिला तीन गोष्टी हव्या आहेत: खरं उत्तर काय, माणसांवर चाचणी न करता त्याला आधार कसा द्यायचा, आणि हे तंत्र रुग्णाच्या उपयोगाचं आहे की केवळ प्रबंधाच्या.

आधी थेट उत्तर देतो. उपाशीपोटी घेतली तर तुमची गोळी बहुधा दोन तासांच्या आत जठराबाहेर पडेल. पोटभर जेवणानंतर घेतली तर चार ते सहा तास राहील, जेवण तेलातुपाचं आणि जड असेल तर थोडी अधिक. या दोन आकड्यांमधला फरक जेवणाने पडलेला आहे, तुमच्या पॉलिमरने नव्हे. वेर्ण्यात आणि कुंडईत औषध कारखान्यांत फॉर्म्युलेशनचं, म्हणजे औषधाची गोळी बांधण्याचं, काम करता करता माझं मत पक्कं होत गेलं आहे ते हे, की गोळी जठरात थांबवण्याचं मुख्य काम जेवण करतं आणि आपली रचना त्या जेवणाला साथ देते. हे आधी मान्य करून जो गोळी बांधतो त्याची गोळी रुग्णाच्या पोटात काम करते.

असं का, ते नीट समजून घ्या, कारण परीक्षकांचा पुढचा प्रश्न तिथूनच येणार.

उपाशी जठर निवांत पडलेलं नसतं. दर दीड ते दोन तासांनी तिथे हालचालींचं एक चक्र पूर्ण होतं. सुरुवातीचा पाऊण-एक तास जवळपास शांत जातो. मग अधूनमधून आकुंचनं सुरू होतात, हळूहळू वाढतात, आणि शेवटी पाच-दहा मिनिटांची एक जोरदार लाट जठरातून खाली आतड्याकडे सरकत जाते. त्या वेळी पायलोरस, म्हणजे जठराचं खालचं दार, चांगलं उघडलेलं असतं. न पचलेला धागा, फळाची बी, गोळीचा सांगाडा, जे काही उरलेलं असेल ते या लाटेबरोबर लहान आतड्यात जातं. शरीराची ही नेहमीची साफसफाई आहे. तुमची गोळी चक्राच्या कोणत्या टप्प्यावर पोटात पोचली यावर तिचा मुक्काम ठरतो. लाट येण्याच्या जरा आधी पोचली तर दहा मिनिटांत बाहेर, लाट नुकतीच होऊन गेली असेल तर पावणेदोन तास मिळतील. एकाच माणसाने एकच गोळी दोन दिवस घेतली तरी दोन वेगळे निकाल मिळतात ते यामुळे.

जेवण पोटात पडलं की हे चक्र थांबतं. जठराच्या खालच्या भागात मिनिटाला साधारण तीन आकुंचनं होऊ लागतात. ती अन्न दळतात, दोन मिलिमीटरपेक्षा बारीक झालेले कण पुढे सोडतात आणि मोठे कण मागे फेकतात. अखंड गोळी मोठ्या कणांत मोडते, म्हणून ती मागे राहते. हे किती वेळ चालेल ते जेवणाच्या उष्मांकांवर ठरतं. जठर मिनिटाला दोन ते चार कॅलरी एवढ्या वेगाने अन्न पुढे पाठवतं. सहाशे कॅलरींचं जेवण घेतलं तर मिनिटाला दोन-तीन कॅलरींच्या हिशेबाने सव्वातीन ते पाच तास झाले, आणि त्यानंतर चक्र पुन्हा सुरू होऊन मोठी लाट येईपर्यंतचा वेळ वर. चहाबरोबर दोन बिस्किटं खाऊन गोळी घेतली तर जेमतेम तास-दीड तासाची सवलत मिळते. रात्री नुसती पेज घेऊन झोपणारी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत. पेज पातळ, उष्मांक थोडे. शीत-हुमण (भात आणि माशाची आमटी), भाजी, तळलेला मासा असं रीतसर जेवण झालेल्या पोटात आणि पेज घेतलेल्या पोटात तीच गोळी सारखी वागणार नाही.

खाजन शेतीतली, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीतली, मानस (पाण्याचं झडपेचं दार) तुम्ही पाहिली असेल. भरतीच्या दाबाने तिचं दार आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं, आणि दारासमोरच्या पाण्यात काय तरंगतंय याचा दाराच्या वेळापत्रकाशी काही संबंध नसतो. पायलोरसचंही असंच आहे. बीकरमधला तरंगण्याचा वेळ हा दाराच्या वेळापत्रकाबद्दल काहीच सांगत नाही.

आता बीकर आणि जठर यांतले फरक पाहू. पहिला फरक पाण्याचा. बीकरमध्ये ९०० मिली द्रव असतो आणि तो अठरा तास तिथेच राहतो. उपाशी जठरात जेमतेम ५० मिली, कधी त्याहूनही कमी द्रव असतो. गोळीबरोबर ग्लासभर पाणी प्यायलं तरी त्यातलं अर्धं पाणी पंधरा मिनिटांच्या आसपास निघून जातं आणि पाऊण तासात बहुतेक सगळं. मग गोळी तरंगणार कशावर? ती जठराच्या तळाशी, पायलोरसच्या वाटेवर बसते, घनता कितीही कमी असली तरी. जेवणानंतर मात्र पोटात खरोखर तरंगण्याजोगा साठा असतो, आणि तेव्हा गोळी वरच्या भागात, दारापासून दूर राहते. तरंगण्याचा खरा फायदा एवढाच आहे. तो लहान नाही, पण जेवणाशिवाय तो मिळत नाही.

दुसरा फरक माणसाच्या अंगस्थितीचा. उभा-बसलेला माणूस असेल तर वर तरंगणारी गोळी दारापासून लांब असते. तोच माणूस डाव्या कुशीवर झोपला की पायलोरस वरच्या बाजूला येतो, आणि तरंगणारी गोळी नेमकी दारापाशी पोचते. अल्जिनेटच्या तरंगत्या थरावर झालेल्या अभ्यासांत हे दिसलेलं आहे: डाव्या कुशीवर तो थर अन्नाच्याही आधी बाहेर पडला. रात्रीच्या जेवणानंतर घ्यायच्या गोळीच्या बाबतीत ही गोष्ट दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

तिसरा फरक आम्लाचा, आणि प्रबंधांमध्ये यावर मी फार क्वचित काही वाचलं आहे. तुम्ही चाचणी घेता ती पीएच १.२ ला, म्हणजे तीव्र आम्लात. रुग्णाला सांगणार आहात की जेवणानंतर घ्या. जेवणानंतर जठराचा पीएच चार ते सहापर्यंत चढतो आणि खाली यायला वेळ लागतो. मधुमेही रुग्ण आम्ल कमी करणारं पॅन्टोप्राझोलही घेत असेल, आणि असे पुष्कळ असतात, तर तो आणखी वर राहील. बायकार्बोनेटपासून वायू सुटायला आम्ल हवं. ०.१ नॉर्मल आम्लात मिनिटभरात वर येणारी गोळी जेवलेल्या पोटात अर्धा तास तळाशी राहू शकते. उपाय सोपा आहे: आम्ल गोळीतच द्या. किती द्यायचं त्याचा हिशेबही करून पाहा. १०० मिग्रॅ बायकार्बोनेटपासून शरीराच्या तापमानाला सुमारे ३० मिली कार्बन डायऑक्साइड निघतो. तुमची गोळी १.६ ग्रॅमची आणि तिची घनता १.२ धरली, तर तिला तरंगायला फक्त पाव-एक मिली वायू आत अडकून राहायला हवा. म्हणजे वायू शंभरपट जास्त आहे, आणि अडचण आहे ती तो धरून ठेवण्याची. बायकार्बोनेट वाढवत नेणं हा चुकीचा मार्ग आहे. ते जेलमध्ये भोकं पाडतं, गोळी कमकुवत करतं आणि मेटफॉर्मिनचा विद्राव, म्हणजे विरघळून बाहेर पडणं, वेगाने होऊ लागतो. थोडंसं बायकार्बोनेट, त्याच्या जोडीला थोडं सायट्रिक किंवा टार्टारिक आम्ल, आणि लवकर ओलसर होऊन कातडी धरणारं पॉलिमर, एवढं पुरतं.

पण मेटफॉर्मिनसाठी वायू हवाच का, हा प्रश्न मी तुम्हाला उलट विचारीन. १००० मिग्रॅ औषध, त्यात ते पाण्यात अतिशय विरघळणारं आणि दाबायला हट्टी. त्याला आवरायला भरपूर पॉलिमर लागतं. गोळी दीड ग्रॅमच्या पुढे जाते, लांबी १९-२० मिलिमीटर होते. एवढी मोठी गोळी पाणी घेऊन फुगली की जेवलेल्या पोटात ती आकारावरच अडते. अमेरिकेत २००५ मध्ये मान्यता मिळालेल्या ग्लुमेट्झाची ५०० मिग्रॅची गोळी याच तत्त्वावर आहे. फुगणारं पॉलिमर, रात्रीच्या जेवणाबरोबर, वायूचं नाव नाही. तुमच्या गोळीत जागेची एवढी टंचाई असताना बायकार्बोनेटला दिलेली जागा पॉलिथिलीन ऑक्साइड या फुगणाऱ्या पॉलिमरला दिलीत तर जास्त लाभ होईल असं माझं मत आहे. मार्गदर्शकांशी बोलून एक मालिका तशी करून पाहा आणि दोन्हींची तुलना प्रबंधात मांडा. ती तुलनाच तुमच्या कामाचा गाभा होऊ शकते.

आकाराबद्दल एक बारकावा. पायलोरसचा व्यास सरासरी १३ मिलिमीटरच्या आसपास सांगतात, पण माणसामाणसांत तो कितीतरी बदलतो. त्यामुळे अमुक मिलिमीटरची गोळी अडतेच असं खात्रीने म्हणता येत नाही. आणि लांबट गोळी उभी होऊन निसटते, म्हणून लांबीवर विसंबू नका, फुगलेल्या गोळीची रुंदी मोजा. एक, दोन, चार आणि सहा तासांनी गोळी बाहेर काढून व्हर्नियरने लांबी, रुंदी, जाडी घ्या. मग टेक्स्चर ॲनलायझरवर ती किती बळाला तुटते ते पाहा. २० मिलिमीटर फुगलेली पण बोटाने दाबताच लगदा होणारी गोळी जठराच्या दळणात टिकत नाही. मी उमेदवारांच्या मुलाखती घेतो तेव्हा तरंगण्याची वेळ सगळे सांगतात, जेलची ताकद मोजलेला विद्यार्थी क्वचित भेटतो, आणि भेटला की त्याच्याशी बोलायला आनंद वाटतो.

बाकीच्या तंत्रांबद्दल थोडक्यात. जठराच्या अस्तराला चिकटणारी गोळी कागदावर सुंदर दिसते. प्रत्यक्षात गोळी ज्या श्लेष्म्याला चिकटते तो श्लेष्माच सतत झडत आणि नवा तयार होत असतो, शिवाय जेवलेल्या पोटात गोळी आधी अन्नालाच चिकटते. बकऱ्याच्या जठराच्या तुकड्यावर मोजलेल्या चिकटपणावरून माणसाच्या पोटातले तास सांगू नका. जड, म्हणजे घनता अडीचच्या आसपास असलेले दाणे तळाशी बसवण्याची कल्पनाही जुनी आहे. तिच्यावर आधारलेलं उत्पादन बाजारात रुजलं नाही. अल्जिनेटचा तरंगता थर, जो गॅव्हिस्कॉनमध्ये असतो, उत्तम काम करतो, पण त्याचं काम आम्ल वर येऊ न देण्याचं आहे. औषध तासन्‌तास सोडण्याच्या हिशेबात त्याला धरू नये.

पोटात उलगडणाऱ्या रचना मात्र मनापासून अभ्यासाव्यात अशा आहेत. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या लँगर आणि ट्रॅव्हर्सो यांच्या गटाने एक चांदणीच्या आकाराची रचना प्रसिद्ध केली. कॅप्सूलमध्ये दुमडलेली, पोटात उघडली की पायलोरसमधून न जाणारी. डुकरांच्या पोटात ती दोन आठवड्यांपर्यंत राहिली आणि आयव्हरमेक्टिन सोडत राहिली. पुढे हेच तत्त्व आठवड्यातून एकदा घ्यायच्या रिस्पेरिडोन या मानसिक आजारावरच्या औषधासाठी माणसांवरच्या चाचण्यांत गेलं. तिथे लागलेली बुद्धी गोळी थांबवण्याइतकीच ती सुखरूप सोडवण्यात लागली आहे: ठरलेल्या वेळी सांधे सुटून तुकडे आतड्यातून अडथळा न होता गेले पाहिजेत. रोज एक गोळी घ्यायची आणि प्रत्येक गोळी चोवीस तासांहून जास्त राहायची, तर पोटात गोळ्या साठतील. जास्त वेळ म्हणजे नेहमीच चांगलं असं समजणाऱ्यांनी याचा विचार करावा.

उपयोगाच्या प्रश्नाकडे येतो. उपयोग आहे, पण मोजक्या औषधांसाठी. ज्या औषधाचं शोषण लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातच होतं, त्याची साधी लांबणीची, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी, गोळी त्या भागातून तीन-चार तासांत पुढे जाते आणि उरलेलं औषध मोठ्या आतड्यात वाया जातं. जठरात थांबून थेंबाथेंबाने खाली सोडणं अशा औषधाला मानवतं. मज्जातंतूंच्या वेदनेवरचं गॅबापेन्टिन हे याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण. त्याला आतड्यातून रक्तात नेणाऱ्या वाहकांची क्षमता मर्यादित आहे. म्हणून दिवसाला ९०० मिग्रॅ दिलं तर सुमारे ६० टक्के रक्तात पोचतं, आणि ३६०० मिग्रॅ दिलं तर ३३ टक्केच. २०११ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली ग्रॅलीज ही फुगणारी गोळी ते हळूहळू सोडते आणि दिवसातून एकदा पुरते. पण तिच्याच माहितीपत्रकात दिलेलं आहे की जेवणाबरोबर घेतल्यास शरीराला मिळणारं एकूण औषध उपाशीपोटीपेक्षा ३३ ते ११८ टक्क्यांनी वाढतं, जेवणात स्निग्धांश किती त्यानुसार. बाजारातल्या, मान्यता मिळालेल्या, उत्तम बांधलेल्या गोळीची ही गोष्ट आहे. परीक्षकांपुढे हा आकडा ठेवा. जेवणाबद्दल मी एवढं का लिहितो आहे ते यात दिसतं.

पार्किन्सनवरच्या लेव्होडोपाची कहाणीही वाचा. तरंगत्या रचनेची कल्पना १९६८ मध्ये डेव्हिस यांनी मांडली, रोश या औषध कंपनीत शेठ आणि तोसूनियन यांनी ती तरंगत्या कॅप्सूलपर्यंत नेली आणि लेव्होडोपाची मादोपार एचबीएस ही कॅप्सूल आली. पार्किन्सनच्या रुग्णांना रात्रीसाठी ती उपयोगी पडते. पण साध्या मादोपारपेक्षा तिच्यातून रक्तात कमी औषध पोचतं आणि परिणाम उशिरा सुरू होतो, म्हणून सकाळी अनेकांना साधी गोळीही लागते. अलीकडे, २०१९ मध्ये, इन्टेक फार्माच्या घडीदार कॅप्सूलची लेव्होडोपावरची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी आपलं मुख्य उद्दिष्ट गाठू शकली नाही. पोटात थांबण्याचं तंत्र तिच्याकडे होतं. साध्या गोळ्या दिवसातून अनेकदा घेणाऱ्या रुग्णांच्या तुलनेत पुरेसा फायदा दाखवता आला नाही. भारतात रॅनबॅक्सीने सिप्रोफ्लॉक्सासिनची दिवसातून एकदा घ्यायची वायू सोडणारी गोळी आणली होती, तीही अभ्यासण्यासारखी आहे.

ज्यांना हे तंत्र लावूच नये अशी औषधंही आहेत. जठराच्या अस्तराला त्रास देणारी वेदनाशामकं, आम्लात नष्ट होणारी औषधं, आणि मोठ्या आतड्यातूनही चांगली शोषली जाणारी औषधं. शेवटच्या गटासाठी साधी लांबणीची गोळी पुरते. तरीही प्रबंधांत डायक्लोफिनॅकच्या तरंगत्या गोळ्या दिसतात, आणि त्या पाहून मला वाईट वाटतं, कारण त्या विद्यार्थ्याचं कष्टाचं एक वर्ष औषध निवडण्याच्या पहिल्याच पायरीवर वाया गेलेलं असतं.

मेटफॉर्मिनची निवड या दृष्टीने योग्य आहे. त्याचं शोषण मुख्यतः वरच्या आतड्यात होतं आणि एकूण ५० ते ६० टक्केच रक्तात पोचतं. पण रुग्ण कोण, हे विसरू नका. बरीच वर्षं मधुमेह असलेल्या काहींचं जठर मुळातच मंदावलेलं असतं, सेमाग्लुटाइडसारखी औषधं घेणाऱ्यांचंही मंदावतं. डॉम्पेरिडोन घेणाऱ्याचं उलट होतं. आपल्याकडचे एकादशीसारखे उपास पाळणारे काही रुग्ण ती रात्र फळावर किंवा दुधावर काढतात, आणि त्या रात्री गोळी लवकर खाली उतरून औषध कमी मिळतं. प्रबंधाच्या चर्चेच्या प्रकरणात हे लिहा. ज्या रुग्णाच्या पोटासाठी आपण गोळी करतो त्याचं पोट पुस्तकातल्या निरोगी स्वयंसेवकासारखं नसतं, ही जाणीव परीक्षकांना तुमच्या लिखाणात दिसू द्या. ज्यांना अन्ननलिकेत अडथळा आहे किंवा ज्यांची जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया झाली आहे त्यांना फुगणारी मोठी गोळी देऊ नये, हेही त्याच ठिकाणी यावं.

आता माणसांवर चाचणी न करता आधार कसा द्यायचा. तुमच्या मनात ससा असेल, कारण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बेरियम सल्फेट घातलेली गोळी सशाला देऊन एक्स-रे काढतात. ते करू नका, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. सशाचं जठर उपाशी ठेवूनही पूर्ण रिकामं होत नाही, तो आपलीच मऊ विष्ठा खातो, त्यामुळे गोळी त्याच्या पोटात कितीही वेळ दिसली तरी माणसाबद्दल काही सिद्ध होत नाही. शिवाय बेरियम सल्फेटची घनता साडेचारच्या आसपास. ते घातलं की तुमची तरंगती गोळी वेगळीच गोळी होते. कुत्र्यात साफसफाईची लाट माणसासारखी असते, पण मोठी गोळी त्याच्या जठरात माणसापेक्षा जास्त रेंगाळते. डुकरात तर न विरघळणाऱ्या गोष्टी कितीतरी दिवस राहतात. प्राण्याचा जीव अशा आकड्यासाठी घालवावा असं मला वाटत नाही.

त्याऐवजी बीकरच प्रामाणिक करा. तुमच्या ०.१ नॉर्मल आम्लाच्या चाचणीला जेवलेल्या पोटासारख्या द्रवाची जोड द्या: निम्मं दूध, निम्मा पीएच ५ चा ॲसिटेट बफर, ३७ अंशांना. दुधात विद्राव मोजायला नमुने गाळण्याची आणि प्रथिनं काढण्याची मेहनत पडते, पण गोळी वर यायला किती वेळ घेते आणि जेल कसं बनतं ते नुसत्या डोळ्यांनीही कळतं. उपाशीपोटासाठी द्रव २०० मिली घ्या आणि दर दहा मिनिटांनी काही भाग काढत जा. गोळी तळाशी कधी टेकते ते लिहा. विद्राव मोजण्याच्या यंत्रातल्या पॅडलचा वेग मिनिटाला ५० वरून ७५ आणि १०० फेऱ्यांवर नेऊन विद्रावाचा आलेख किती बदलतो ते दाखवा. वेग वाढल्यावर जो आलेख कोसळतो ती गोळी पोटातही बेभरवशाची असते. आणि तरंगण्याची वेळ देण्याऐवजी तरंगण्याचं बळ द्या. साध्या इलेक्ट्रॉनिक तराजूखाली तार टांगून, गोळी बुडवून धरून, ती वर किती जोर लावते ते वेळेनुसार नोंदवता येतं. १९९० च्या सुमारास टिमरमान्स आणि मोस यांनी बसवलेली ही पद्धत आहे, खर्च फारसा नाही.

पुढे कधी माणसांवर काम करायची संधी आली तर किरणोत्सारी टेक्नेशियम-९९एम घातलेली गोळी आणि गॅमा कॅमेरा हा सरळ मार्ग आहे. सहा तासांचं अर्धायुष्य जठराच्या अभ्यासाला सोयीचं पडतं. त्याहून स्वस्त असा रिबोफ्लेविनचा मार्ग आहे. ते वरच्या आतड्यातच आणि मर्यादित वेगाने शोषलं जातं, त्यामुळे जठर हळू रिकामं झालं की लघवीतलं त्याचं प्रमाण वाढतं. पण जीवनसत्त्व झालं तरी नैतिक समितीची परवानगी लागतेच.

आपल्या हवेबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. जून ते सप्टेंबर गोव्यात उघड्या खोलीत बायकार्बोनेट आणि सायट्रिक आम्ल एकत्र ब्लेंड करू नका. हवेतला दमटपणाच त्यांची क्रिया सुरू करतो आणि सकाळी केलेल्या गोळ्या संध्याकाळपर्यंत मऊ पडतात, कधी फुगतात. कारखान्यात आम्ही असं काम आर्द्रता खाली आणलेल्या बंद खोलीत करतो आणि ॲल्युमिनियम-ॲल्युमिनियम पट्टीत लगेच बंद करतो. कॉलेजात ती सोय नसेल तर पाण्याने ग्रॅन्युलेशन (भुकटी बांधून दाणे करणं) टाळा, आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा किंवा कोरडं ग्रॅन्युलेशन करा, आणि बायकार्बोनेट शेवटी, ग्रॅन्यूल्स वाळल्यावरच घाला. ओल्या मिश्रणात घालून ट्रे ड्रायरमध्ये ६० अंशांना वाळवलं तर ते ५० अंशांपासूनच विघटन पावायला लागतं आणि तुम्ही मोजून घातलेला वायू ओव्हनमध्येच निघून जातो. तुमच्या जुलैतल्या बॅचेस आणि जानेवारीतल्या बॅचेस यांच्या तरंगण्याच्या वेळा वेगळ्या आल्या असतील, तर सूत्र बदलण्याआधी त्या दिवसांची आर्द्रता पाहा.

पुढच्या सादरीकरणात तोच प्रश्न आला तर असं सांगा: "सर, बीकरमधले १८ तास हे गोळीच्या घनतेचं आणि जेलच्या अखंडतेचं माप आहे. पोटातला मुक्काम मुख्यतः जेवणावर ठरेल. पूर्ण जेवणानंतर चार ते सहा तासांची अपेक्षा धरून मी औषध आठ तासांत सुटेल अशी रचना केली आहे, कारण गोळी खाली उतरल्यावरही वरच्या आतड्यात तिला काही वेळ मिळतो." आणि तुमचा विद्रावाचा आलेख खरोखर तसा करा. सध्या तो अठरा तासांवर ताणलेला असेल, तर त्यातलं बरंचसं औषध मोठ्या आतड्यात सुटणार आहे आणि तिथे मेटफॉर्मिनचं शोषण फार थोडं होतं. पॉलिमर कमी करून आलेख आठ तासांवर आणलात की गोळीचं वजनही उतरेल, आणि गिळताना घशात अडते अशी तक्रार करणाऱ्या साठी-सत्तरीच्या रुग्णांना ती घेता येईल.